तांबड्या रेघेपलीकडची शाळा

अमेरिकेतले मुलगा-सून घर शोधू लागले की इकडे पुण्या-ठाण्यातल्या आईवडिलांच्या बोलण्यात एक नवा शब्द शिरतो : स्कूल डिस्ट्रिक्ट. घराला खोल्या किती, मागे अंगण आहे की नाही, देवघराला कोपरा मिळेल का, हे सगळे नंतर. आधी शाळा. ‘आमच्या नातवाची शाळा दहापैकी नऊची आहे’ असे आजोबा सकाळच्या फिरण्यात चारचौघांना सांगतात, तेव्हा त्यांच्या आवाजात आपल्या काळी बोर्डात आलेल्या मुलाच्या बापाचा अभिमान असतो. मग सहज म्हणून ते पुढे सांगतात, की मोठ्या रस्त्याच्या पलीकडे असेच घर बरेच स्वस्त मिळत होते, पण तिकडची शाळा चांगली नाही. चांगली नाही म्हणजे काय, असे कुणी विचारले तर आजोबा आवाज जरा खाली आणतात. ‘तिकडे वस्ती वेगळी आहे हो.’

घराची किंमत, शाळेचा दर्जा आणि ‘वेगळी वस्ती’ या तीन गोष्टी एका दमात बोलल्या जातात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध जणू निसर्गनियमच आहे असे मानले जाते. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत कर्जाच्या फायली वाचण्यात घालवली. त्यामुळे दोन आकडे शेजारी दिसले की त्यांच्यामधली रेघ कुणी ओढली, हे पाहण्याची खोड जडली आहे. अमेरिकेच्या बाबतीत ती रेघ शोधायला फार कष्ट पडत नाहीत. ती नकाशावर ओढलेली आहे, आणि तीही तांबड्या शाईने.

तिथे शाळा केंद्र सरकार चालवत नाही. देशभर सुमारे तेरा हजार शालेय जिल्हे आहेत. जिल्हा म्हणजे आपल्या सातारा-सांगलीसारखा नव्हे, कधी एखादे शहर, कधी शहराचा एक तुकडा. शाळांचा जवळजवळ निम्मा पैसा राज्याकडून येतो, साधारण तितकाच स्थानिक उत्पन्नातून, आणि केंद्राचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. स्थानिक उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी. ज्या वस्तीत घरे महाग, तिथे थोड्या पट्टीतही भरपूर पैसा गोळा होतो. जिथे घरे स्वस्त, तिथे लोकांनी पोटाला चिमटा घेऊन जादा दराने पट्टी भरली तरी हाती फारसे लागत नाही.

हे नुसते म्हणून चालणार नाही. हिशेब मांडायला हवा. टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो या शहराचा १९६७-६८ सालचा हिशेब अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच छापलेला आहे. शहराच्या एका भागात एजवूड नावाचा शालेय जिल्हा होता. मुले सुमारे बावीस हजार, त्यांतली नव्वद टक्के मेक्सिकन वंशाची, सहा टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय. तिथे दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता होती ५,९६० डॉलरची. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या जिल्ह्यात मुले सुमारे पाच हजार, बहुतेक गोरी, आणि दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता ४९,००० डॉलरहून जास्त. एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरत, अलामो हाइट्सचे लोक ०.८५ डॉलर. म्हणजे गरिबांचा दर श्रीमंतांहून जास्त. आणि जमा किती? एजवूडमध्ये दर मुलामागे २६ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ३३३.

आता कुणाला वाटेल, ही तूट राज्य सरकारने भरून काढली असेल. राज्याने एजवूडच्या मुलाला २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सच्या मुलाला २२५! हे तीन डॉलर मला विसरता येत नाहीत. मोठ्या अन्यायाला निदान काही तात्त्विक बैठक तरी दिली जाते. तीन डॉलर हा निव्वळ बेफिकिरीचा आकडा आहे. केंद्राने आपल्या परीने गरिबांकडे थोडे अधिक वळवले आणि अखेर बेरीज झाली ती अशी : एजवूड ३५६, अलामो हाइट्स ५९४.

या एजवूडमधली सुमारे चारशे मुले १६ मे १९६८ रोजी वर्गांतून उठून बाहेर आली आणि चालत शालेय जिल्ह्याच्या कचेरीवर गेली. त्यांना शिकवायला पात्र शिक्षक हवे होते आणि मोडक्या इमारती दुरुस्त करून हव्या होत्या. त्यानंतर दोनच महिन्यांत काही पालकांनी न्यायालयात दावा लावला. त्यांच्यात पहिले नाव होते दिमेत्रिओ रॉड्रिग्ज यांचे. ते हवाई दलाच्या तळावर पत्र्याचे काम करणारे कारागीर. त्यांची मुले ज्या शाळेत जात, तिच्या वरच्या मजल्यावर वटवाघळांचे बिऱ्हाड होते. खालच्या न्यायालयाने १९७१ साली पालकांच्या बाजूने निकाल दिला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. शिक्षण हा अमेरिकेच्या संघराज्य घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे त्या निकालाने सांगितले. पद्धतीत सुधारणा व्हायला हवी हे न्यायमूर्तींनाही मान्य होते, पण ती कायदेमंडळांनी करावी. ज्या कायदेमंडळांनी तीन डॉलर जास्त दिले होते, त्यांनी.

आपल्या घटनेत २००२ साली एकविसाव्या कलमाला ‘अ’ जोडला गेला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले. तो हक्क आपण कसा पाळतो, हा वेगळा आणि फारसा अभिमानास्पद नसलेला विषय आहे. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या घटनेत तो कागदावरही नाही, हे आपल्याकडच्या पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते.

पण मग एजवूडची घरे इतकी स्वस्त का होती? इथे माझ्या पूर्वीच्या धंद्याचा संबंध येतो.

१९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेत लाखो लोकांची घरे कर्ज फेडता न आल्याने जप्त होऊ लागली. त्यांना सावरण्यासाठी १९३३ साली सरकारने घरमालकांना कर्ज देणारे एक महामंडळ काढले. या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून घेतले. प्रत्येक वस्तीला चारांपैकी एक रंग. सर्वांत उत्तम वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि ‘धोकादायक’ ती तांबडी. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक ठिकाणी तांबडीच रंगवली गेली. घरे पक्की आहेत का, माणसे नोकरीत आहेत का, हप्ते वेळेवर येतात का, हे प्रश्न दुय्यम ठरले. १९३४ साली गृहकर्जाला सरकारी विमा देणारी दुसरी संस्था आली, आणि खरा घाव तिचा. तिच्या नियमपुस्तकात परस्परांशी न जुळणारे वंश एका वस्तीत आले तर तारणाची किंमत घसरते, असे बजावलेले होते. सरकारच विमा देणार नसेल तर कोणता बँकर कर्ज देईल? दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती जी नवी उपनगरे उठली, ती याच विम्याच्या आधारावर. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ वसलेल्या लेव्हिटटाउनच्या मूळ करारपत्रांतच गोऱ्यांखेरीज इतरांनी राहू नये अशी अट होती.

सगळा दोष त्या नकाशांच्या माथी मारावा असेही नाही. बँकांची नजर आधीपासून तशीच होती. नकाशाने तिला सरकारी शिक्का दिला. कर्जखात्यात काम केलेल्या कुणालाही हे कळेल. आपल्याकडेही घरकर्जाच्या दुनियेत ‘निगेटिव्ह एरिया’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. अर्जदाराचा पगार पुरेसा असतो, कागद चोख असतात, पण पत्ता पाहिल्यावर फाइल बाजूला सरकते. शेरा मारणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. त्याला फक्त वसुलीची काळजी असते. मात्र पत्त्यावरून कर्ज नाकारले की त्या पत्त्यावरचे घर विकत घ्यायला कुणी येत नाही, भाव पडतो, आणि शेरा मारणारा म्हणतो, बघा, मी म्हटलेच होते!

अमेरिकेत हाच भाव थेट शाळेच्या तिजोरीत पडला. कर्ज नाही म्हणून घर नाही. घराला किंमत नाही म्हणून घरपट्टी नाही. घरपट्टी नाही म्हणून शाळेत ग्रंथालय नाही, रसायनशास्त्राचा शिक्षक नाही, छप्पर धड नाही. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला चांगली नोकरी नाही, आणि मग तो कर्ज मागायला आला की त्याची पत नाही. वंशावरून कर्ज आणि घर नाकारणे १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरले. तोवर तिथल्या एका पिढीने घर घेऊन, फेडून, मुलांच्या नावे केलेही होते, आणि दुसऱ्या पिढीला भाड्याच्या पावत्यांखेरीज काहीच जमवता आले नव्हते.

कधीकधी तर रेघ ओढायला बँकेचीही गरज लागत नाही. इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीकाठी ईस्ट सेंट लुइस हे गाव आहे. वस्ती जवळजवळ संपूर्ण कृष्णवर्णीय. त्याला लागूनच रसायनांचे मोठमोठे कारखाने. पण ते कारखाने या गावाच्या हद्दीत येत नाहीत. १९२६ साली त्यांच्यासाठी निराळे गावच स्थापन झाले. त्याचे नावही आधी मोन्सँटो असे कंपनीचेच होते, पुढे ते सोझे झाले. धूर इकडे, कर तिकडे. जोनाथन कोझोल या लेखकाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या गावच्या शाळांचे वर्णन आहे. सांडपाणी तुंबून शाळेच्या स्वयंपाकघरात शिरे आणि मुलांना घरी पाठवावे लागे. कोझोल हे काही दुरून पाहणारे पत्रकार नव्हते. १९६४-६५ मध्ये ते बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिक्षक होते आणि लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीची कविता वर्गात वाचल्याबद्दल त्यांना कामावरून काढले होते.

आपल्याकडे या सगळ्याची ओळख बहुधा १९५४ च्या निकालापुरती असते. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य, असा तो ब्राउन खटल्याचा प्रसिद्ध निकाल. त्याचे मोल कमी नाही. पण त्यानंतर वीस वर्षांनी, १९७४ साली, डेट्रॉइटच्या खटल्यात काय झाले ते क्वचितच कुणी सांगते. डेट्रॉइट शहरातून गोरे बाहेर पडून उपनगरांत गेले होते. शहरात उरली मुख्यतः कृष्णवर्णीय मुले. आता एकत्र शिकवायचे तर कुणाला कुणाबरोबर? म्हणून खालच्या न्यायालयाने शहर आणि ५३ उपनगरी जिल्हे मिळून एक योजना आखायला सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्यांची हद्द ओलांडता येणार नाही, असा त्याचा आशय. ब्राउन खटला वकील म्हणून जिंकणारे थर्गुड मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. या वेळी त्यांना विरोधी मतपत्रिका लिहावी लागली. वर्गाच्या दारावरची पाटी गेली आणि गावाच्या वेशीवर लागली, एवढाच फरक.

कराचा पैसा कुणाचा आणि शाळा कुणाची, हा प्रश्न मराठी माणसाला नवा वाटू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मागितला होता. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. शेतकऱ्याच्या पोराला साधी प्राथमिक शाळाही नाही. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी सुचवले. त्याआधी नऊ वर्षे, १८७३ साली, त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. अमेरिकेतल्या काळ्या मुलांचा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणणाऱ्याने निदान पुण्यात बसून तरी तसे म्हणू नये.

आता दुसरी बाजू. पैशाने काय होते, असे विचारणारेही आहेत आणि ते सगळेच निर्दय नाहीत. १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी करून सांगितले, की मुलाच्या प्रगतीवर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा परिणाम अधिक होतो. मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचे उदाहरण तर नेहमीच दिले जाते. तिथे १९८५ पासून न्यायालयाच्या हुकमाने जवळजवळ दोनशे कोटी डॉलर शाळांत ओतले गेले. पोहण्याचे प्रशस्त तलाव झाले, पण मुलांचे गुण फारसे वाढले नाहीत. हे खरे आहे. मात्र त्या खर्चाचा एक मोठा हेतू उपनगरांतली गोरी मुले शहरात परत ओढून आणण्याचा होता, कारण १९७४ च्या निकालानंतर त्यांना आणण्याचा दुसरा मार्गच उरला नव्हता. पाहुण्यांसाठी दिवाणखाना सजवला आणि घरातल्या पोराचा ताप तसाच राहिला, तर दोष पैशाचा नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन अर्थशास्त्रज्ञांनी न्यायालयांच्या आदेशांमुळे ज्यांच्या शाळांचा खर्च वाढला अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. बारा वर्षे खर्च दहा टक्के जास्त राहिला तर पुढे त्यांचे वेतन सुमारे सात टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि गरीब घरांतल्या मुलांना लाभ त्याहून अधिक झाला. बँकेतल्या माणसाला ही गुंतवणूक पटायला हरकत नाही.

न्यू जर्सी राज्याने हे करून पाहिले, आणि तिथे आपली मराठी मंडळी पुष्कळ असल्याने ती हकीकत आपल्या जवळची. या राज्याच्या घटनेत मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम शाळाव्यवस्था ठेवण्याचे बंधन १८७५ पासून आहे. जर्सी सिटीतल्या एका विद्यार्थ्याच्या नावे लढलेल्या खटल्यात १९७३ साली राज्याच्या न्यायालयाने घरपट्टीवर चालणारी पद्धत या कलमाशी विसंगत ठरवली. कायदेमंडळ पैसा उभा करीना, तेव्हा १९७६ च्या जुलैत न्यायालयाने शाळा चालवण्यास मनाईच केली. आठ दिवसांत आयकर आला! तोवर त्या राज्यात आयकर नव्हता. पुढे कॅमडेन, नेवार्क, पॅटर्सन अशा गरीब शहरांतल्या मुलांसाठी ॲबट खटला चालला, आणि १९९० साली न्यायालयाने सांगितले की या मुलांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा मिळालाच पाहिजे. त्यासाठी कर वाढवणारे गव्हर्नर जिम फ्लोरियो १९९३ च्या निवडणुकीत थोडक्या मतांनी हरले. तरी न्यायालय हटले नाही. १९९८ च्या आदेशाने या शहरांतल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना बालवाडी मिळाली, आणि त्या बालवाड्या आज देशात नावाजल्या जातात.

आणि तरीही त्याच राज्यात शाळा वंशावंशांत वाटल्या गेल्याची तक्रार घेऊन २०१८ साली नवा खटला उभा राहिला. पैसा पोचला, पण मुले एकमेकांपर्यंत पोचली नाहीत. कारण मूल कुठल्या शाळेत जाईल हे अजूनही पत्ताच ठरवतो.

हा पत्ता किती कडक असतो पाहा. ओहायो राज्यात एका कृष्णवर्णीय आईने आपल्या मुलींना शेजारच्या चांगल्या शालेय जिल्ह्यात घातले आणि पत्ता दिला तिच्या वडिलांचा. शाळेने गुप्तहेर लावून मुली खऱ्या कुठे राहतात ते शोधले. २०११ साली ती आई तुरुंगात गेली, नऊ-दहा दिवसांसाठी. आपल्याकडे शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी मामाचा, आत्याचा पत्ता दाखवणारे आणि भाडेकरार तयार करणारे किती असतात! त्यांना आपण खटपटे म्हणतो.

आपली व्यवस्था वेगळी आहे आणि एका बाबतीत बरी आहे, हे मान्य करायला हवे. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. धारावीतली शाळा असो की दादरची, वेतनश्रेणी एकच. आसपासच्या घरांच्या भावावर ती ठरत नाही. पण मधल्या तीस-चाळीस वर्षांत आपण महापालिकेच्या शाळेतून आपली मुले काढून घेतली आणि फीच्या आकड्याने तीच रेघ ओढली. वंशाच्या जागी जात, घरपट्टीच्या जागी फी. तेव्हा अमेरिकेला नावे ठेवून छाती फुगवण्यात अर्थ नाही.

मुलाने चांगल्या शाळेजवळ घर घेतले यात त्याचा काही गुन्हा नाही. आपल्या लेकराचे भले कोण पाहणार नाही? पण घराच्या किमतीत त्याने काय विकत घेतले, हे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना ठाऊक असावे. आणि ‘त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ हे वाक्य, जे आपल्या बैठकांतून फार सहज ऐकू येते, ते निदान बोलू नये. आवड नसलेले लोक मुलांना चांगल्या शाळेत घालण्यासाठी तुरुंगात जात नाहीत.

२०१६ साली डेट्रॉइटमधल्या सात विद्यार्थ्यांनी न्यायालयात एक मागणी केली. त्यांना फक्त वाचायला शिकायचे होते. शाळेत पुस्तके नाहीत, शिक्षक नाहीत, वर्गांत उंदीर आहेत. अशा ठिकाणी सक्तीने बसवून आम्हाला निरक्षर ठेवले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी दोन विरुद्ध एक मतांनी सांगितले, की निदान अक्षरओळखीपुरते शिक्षण मिळणे हा मुलांचा घटनात्मक हक्क आहे. १९७३ नंतर असे कुणी म्हटले नव्हते. पुढच्या महिन्यात राज्य सरकारने तडजोड केली आणि पूर्ण न्यायपीठाने तो निकाल रद्दबातल ठरवला, त्यामुळे कायदा म्हणून तो आज उभा नाही. तडजोडीतले ९ कोटी ४४ लाख डॉलर मंजूर झाले ते २०२३ साली. खटला सुरू झाला तेव्हा शाळेत असलेली मोठी मुले तोवर शाळा सोडून गेली होती.